लांब केस, छोटं पोट

माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि त्यांतले ५० ते १०० रोज गळतात. हे गळणं आजार नव्हे, जुना केस जाऊन नवा येण्याची ती रीतच आहे. आता लांब केसांच्या दोन बायका राहत असलेल्या घराचा हिशेब मांडून पाहा. दोघींचे मिळून दिवसाला १५० केस धरले आणि प्रत्येक केस अर्ध्या मीटरचा धरला, तर त्या घरात रोज ७५ मीटर केस कुठे ना कुठे पडतो. बराचसा कंगव्यात आणि बाथरूमच्या जाळीवर अडकतो, उरलेला फरशीवर येतो. फरशी गुळगुळीत, वर पंखा फिरतोय. केसासारखी हलकी चीज एका जागी पडून राहत नाही. सरकते, थांबते, धुळीचा एखादा पुंजका गुंडाळून घेते आणि पुन्हा सरकते. मांजराचा डोळा बारकाव्यापेक्षा हालचाल टिपण्यात तरबेज. पुढच्या वीसपंचवीस सेंटिमीटरांतली वस्तू त्याला नीट दिसतही नाही. तिथे मिशा आणि तोंड कामाला येतात. दोनतीन महिन्यांच्या पिल्लाला असा सरकणारा, थबकणारा केस दिसला की ते झडप घालणारच, आणि झडप घातलेली वस्तू तोंडात घेणारच. म्हणून या प्रकरणाचं म्हणणं सुरुवातीलाच सांगायला हवं: पिल्लाला शिस्त लावण्यात जाणारे श्रम फरशी, कंगवा, उशी आणि पिल्लाचं दिवसभराचं वेळापत्रक यांच्याकडे वळवले, तर केस खाण्याचा प्रश्न बहुतेक घरांत सुटतो. शिस्तीनं तो का सुटत नाही, हे समजण्यासाठी मात्र पिल्लाच्या तोंडात डोकवावं लागेल.

मांजराच्या जिभेवर काटे असतात आणि ते केराटिनचे असतात, म्हणजे केस आणि नखं ज्याची बनतात त्याच द्रव्याचे. सगळ्यांची टोकं घशाच्या दिशेनं वळलेली. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये या काट्यांची फार सूक्ष्म तपासणी प्रसिद्ध केली. काट्यांची टोकं भरीव नसून पोकळ, पळीच्या आकाराची आहेत, आणि त्या पोकळीत उचललेली लाळ अंगावरच्या दाट केसांतून थेट कातडीपर्यंत पोचते, असं त्यांना आढळलं. अंग स्वच्छ करण्यासाठी ही रचना अप्रतिम आहे. पण तिची दुसरी बाजू अशी, की जिभेला चिकटलेली बारीक लांब वस्तू पुढे ढकलून थुंकणं मांजराला फार अवघड जातं. जीभ हलली की वस्तू आणखी आत जाते, आणि ओढून काढायला बोटं नाहीत. पिल्लू केस तोंडात घेतं ते बहुतेकदा खेळ म्हणून, आणि तो गिळला जातो तो जिभेच्या रचनेमुळे. ‘सोड’ ही आज्ञा कुत्र्याच्या पिल्लाला शिकवता येते. मांजराच्या पिल्लानं ती आज्ञा मानायची ठरवली, तरी जीभ ती मानू देत नाही.

यावर लगेच एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. मांजर जन्मभर स्वतःचे केस गिळत असतं. मग माणसाचा एखादा केस पोटात गेला तर एवढा बाऊ कशाला? पहिली गोष्ट, माणसाचा असो वा मांजराचा, केस पचत नाही. केराटिनच्या लांब रेणूंना गंधकाचे बंध एकमेकांशी घट्ट बांधून ठेवतात आणि मांजराच्या जठरातलं आम्ल किंवा पाचकरस ते तोडू शकत नाहीत. लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसर हे काम करते, सस्तन प्राण्यांना ते साधलेलं नाही. म्हणजे गिळलेला केस एकतर ओकारीतून बाहेर पडणार किंवा विष्ठेतून. इथे लांबी महत्त्वाची ठरते. साध्या आखूड केसांच्या मांजराच्या अंगावरचा केस काही सेंटिमीटरचाच असतो. अन्नाच्या लगद्यात मिसळून तो पुढे निघून जातो. माणसाचा लांब केस त्याच्या दहावीस पट लांब, शिवाय जाड आणि चिवट असतो.

लांब केस पोटात कसा वागतो, याचा पुरावा माणसांच्या वैद्यकातच सापडतो. स्वतःचे केस उपटून गिळण्याची सवय जडलेल्या रुग्णांच्या, त्यातही बहुतेकदा लहान वयाच्या मुलींच्या, जठरात केसांचा गोळा तयार होतो. केस गुळगुळीत असल्यामुळे जठराच्या आकुंचनाला तो पुढे ढकलण्यासाठी पकड मिळत नाही. तो जठराच्या घड्यांत अडकून राहतो, त्याच्यात नवे केस गुंततात, अन्न साचतं. काही रुग्णांत या गोळ्याचं शेपूट लहान आतड्यात उतरलेलं असतं. १९६८ पासून वैद्यकीय साहित्यात अशा अवस्थेला ‘रॅपन्झेल सिंड्रोम’ म्हणतात, परीकथेतल्या लांबसडक वेणीच्या मुलीवरून. माणसाचं जठर आणि दीड किलोच्या पिल्लाचं जठर एकच नव्हे, आणि त्या रुग्णांच्या पोटात गेलेले केसही खूप जास्त असतात, हे मान्यच. पण केस तोच आहे, त्याचा गुळगुळीतपणा तोच आहे, आणि पिल्लाचं आतडं कितीतरी अरुंद.

पशुवैद्यांना खरी भीती असते ती लांब वस्तूचं एक टोक अडकण्याची. ‘लिनियर फॉरेन बॉडी’ असं ते त्याला म्हणतात. दोरा, नाडी, रिबन किंवा केसांचा झुपका जिभेच्या मुळाशी तरी अडकतो किंवा जठराच्या बाहेर पडण्याच्या दाराशी तरी. दुसरं टोक आतड्यात उतरतं. आतडं आपल्या लयीत ते पुढे ओढत राहतं, पण अडकलेलं टोक सुटत नाही. मग नाडी आवळल्यावर नेफ्याला चुण्या पडतात तसं आतडंच त्या दोऱ्यावर गोळा होत जातं. प्रत्येक आकुंचनाबरोबर ताणलेला दोरा आतड्याच्या आतल्या बाजूला घासतो, कापतो, शेवटी भोक पाडतो. त्यानंतर पोटाच्या पोकळीत पसरणारा संसर्ग जिवावर बेततो. एकट्या केसानं इतकं घडणं विरळा, हेही सांगितलं पाहिजे. बहुतेक सुटे केस विष्ठेबरोबर बाहेर येतात, फार तर लिटरच्या ट्रेमध्ये दोन लेंड्या एका केसाला लटकलेल्या दिसतात. पण घरातला केस एकटा राहतो कुठे? तो गजऱ्याच्या दोऱ्याला, रबरबँडला, राखीच्या रेशमाला, संक्रांतीनंतर गच्चीवर उरलेल्या मांजाला वेटोळे घालून बसतो. केस खाण्याची गोडी लागलेलं पिल्लू उद्या यांतलं काहीही उचलेल, आणि धोका खरा तिथे आहे.

केस खाणारं पिल्लू पाहिलं की घरोघरी निदान होतं ते कॅल्शियमच्या कमतरतेचं. केसातून पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही, प्रथिनंही मिळत नाहीत, कारण तो पचतच नाही. शरीराला काहीतरी कमी पडतंय म्हणून ते केस शोधतं, या समजुतीला म्हणावा तसा आधार नाही. एक अपवाद मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो, तो रक्तक्षयाचा. रक्त कमी झालेली मांजरं माती, भिंतीचा चुना, लिटर असं काहीबाही चाटतात, खातात. आपल्याकडच्या हवेत पिसवा बारा महिने असतात, आणि पिसवांनी भरलेलं छोटं पिल्लू केवळ त्यांच्या रक्त पिण्यानं फिकट पडू शकतं. आतड्यातले अंकुशकृमीही तेच करतात. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि त्या गुलाबी असण्याऐवजी पांढुरक्या दिसल्या, तर केसांची चर्चा बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा. पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि दोन महिन्यांनंतर सहाव्या महिन्यापर्यंत महिन्याला एकदा जंताचं औषध देण्याची पद्धत आहे. ती पाळली आहे का, हा प्रश्नही डॉक्टर पहिल्या भेटीतच विचारतील.

खाण्याच्या वस्तू नसलेल्या गोष्टी गिळणाऱ्या मांजरांवर फार संशोधन झालेलं नाही, पण जे झालं आहे ते विचारात पाडणारं आहे. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा मांजरांची तुलना ही खोड नसलेल्या मांजरांशी केली. गिळल्या जाणाऱ्या वस्तूंत बुटांच्या नाड्या आणि दोरे सर्वांत वर होते. खोड असलेली मांजरं जास्त वेळा ओकत होती, आणि खोड नसलेल्या मांजरांपुढे खाणं दिवसभर ठेवलेलं असण्याचं प्रमाण अधिक होतं. घरातल्या बाकीच्या सोयीसुविधांत दोन गटांमध्ये ठळक फरक दिसला नाही. हा शेवटचा मुद्दा प्रस्तुत प्रकरणाच्या विरोधात जातो, असं कुणी म्हणेल: घर बदलून उपयोग काय, जर घरांत फरकच नसेल? त्याला उत्तर दोन भागांत देता येतं. एक, तो अभ्यास होता खोड पक्की झालेल्या मांजरांचा, आणि तिथे पोटाचा आजार हे एक कारण असू शकतं, हे ओकारीच्या आकड्यांवरूनच सुचतं. ओकारी कारण की परिणाम, हे मात्र अशा तुलनेतून ठरत नाही. दुसरं, कंटाळा हे खोडीचं मूळ आहे असा दावा इथे केलेलाच नाही. फरशीवर केस नसेल तर पिल्लू तो गिळू शकणार नाही, आणि तोंडाला दुसरं काम असेल तर उरलासुरला केस शोधत फिरणार नाही, एवढाच माफक दावा आहे. खाण्याबद्दलचा निष्कर्ष मात्र तसाच उचलून घेण्याजोगा आहे. रानातलं मांजर दिवसाला दहावीस छोट्या शिकारी करून थोडंथोडं खातं. आपण पिल्लाला सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी देतो, जिच्यात मांजराला अत्यावश्यक असलेलं टॉरिन नगण्य असतं, आणि मधल्या दहा तासांत त्यानं शांत बसावं अशी अपेक्षा करतो. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसाला किमान चार वेळा, मांसावर आधारित आणि पिल्लांसाठी म्हणून तयार केलेलं खाणं मिळालं, तर तोंड रिकामं राहण्याचे तास तरी कमी होतात.

इथवर फरशीवरच्या केसाबद्दल झालं. डोक्यावरच्या केसाची गोष्ट वेगळी आहे आणि दोन्हींची गल्लत केली की उपाय चुकतो. काही पिल्लं रात्री माणसाच्या उशीवर येतात, पुढच्या पंजांनी कणीक तिंबल्यासारखं करतात, घुरघुरतात आणि केस तोंडात घेऊन चोखू लागतात. यात शिकारीचा लवलेश नाही. आईच्या कुशीतली ही हालचाल आहे, पंजांनी दाबून दूध उतरवण्याची. सयामी आणि बर्मीज जातीच्या मांजरांत लोकर चोखण्याची सवय घराण्यात चालत आल्यासारखी दिसते, म्हणजे आनुवंशिकतेचाही वाटा असावा. पण रस्त्यावरून किंवा जिन्याखालून उचलून आणलेल्या आपल्या साध्या पिल्लांत लवकर झालेली ताटातूट हे कारण अधिक संभवतं. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जवळपास ६,००० मांजरांच्या मालकांकडून मिळवलेल्या माहितीत, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं अधिक आक्रमक आढळली, आणि चौदा आठवड्यांनंतर वेगळी झालेल्यांत त्याच त्या हालचाली करत राहण्याचं प्रमाण कमी दिसलं. आपल्याकडे पिल्लू चारपाच आठवड्यांचं असतानाच घरी आणायची रीत आहे, ‘लहानपणी आणलं की माणसाळतं’ म्हणून. शक्य असेल तिथे ते आईजवळ बारा-चौदा आठवडे राहू द्यावं, किंवा दोन भावंडं एकत्र आणावीत. पिल्लू आधीच घरात असेल तर रात्री केसांची घट्ट वेणी घालून वर सुती रुमाल बांधणं हा साधा उपाय. पिल्लू चोखायला लागलं की त्याला न रागावता उचलून जाड, धागे न निघणाऱ्या पांघरुणावर ठेवावं. लोकरी स्वेटर देऊन समजूत काढू नये. तो पुढे गिळला जातो.

डोक्यावरच्या केसाबाबत आणखी एक गोष्ट फारच कमी घरांत माहीत असते. केसगळतीवर मिनॉक्सिडिलचं लोशन सर्रास वापरलं जातं. हे औषध मांजराला अतिशय घातक आहे. ते लावलेली उशी चाटल्यानं किंवा थेंबभर अंगावर पडल्यानंसुद्धा मांजराच्या हृदयावर परिणाम होऊन फुप्फुसांत पाणी साचल्याच्या आणि मांजर दगावल्याच्या नोंदी आहेत. ज्या घरात केस जास्त गळतात, त्याच घरात हे लोशन असण्याची शक्यता जास्त, म्हणजे तो केस औषधासकट पिल्लाच्या तोंडी जाऊ शकतो. पिल्लू घरात असेल तर डॉक्टरांना सांगून दुसरा उपचार मागावा. टी-ट्री तेलाबद्दलही तेच. अशी सुगंधी तेलं शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद मुळात तोकडी असते.

घर आवरण्याच्या भागात पराक्रम कसलाच नाही, क्रम तेवढा आहे. सर्वाधिक केस विंचरताना आणि न्हाताना निघतात, म्हणून विंचरण्याची जागा एकच ठरवली की अर्धी लढाई संपते: शक्यतो दार लावता येईल अशी खोली, खाली जुनं वर्तमानपत्र, आणि निघालेलं गुंतवळ बोटाला गुंडाळून झाकणाच्या डब्यात. खिडकीच्या गजात किंवा कंगव्याच्या दातांत ते खोचून ठेवायची सवय अनेक घरांत आहे. केस विकत घेणाऱ्यासाठी साठवायचं असेल तर बरणीत साठवावं, पिशवीत नव्हे. पिशवी फाडणं हा पिल्लाचा आवडता उद्योग. फूलझाडू केस उडवतो जास्त, गोळा कमी करतो, आणि जो गोळा होतो तो झाडूतच गुरफटून राहतो. मग कोपऱ्यात उभा केलेला तो झाडू पिल्लाला पुरेपूर करमणूक देतो. ओलं फडकं किंवा बाथरूम पुसायचा रबरी वायपर कोरड्या फरशीवरून एकदा ओढला तर केस एका रेषेत जमा होतो. सतरंजी आणि सोफ्यासाठी हाताला उलटी गुंडाळलेली चिकटपट्टी पुरते. याच फेरीत रबरबँड, सुईदोरा, गजऱ्याचा दोरा आणि पलंगाखाली गेलेल्या नाड्याही उचलल्या जातात.

कडू फवारे, लिंबाचं पाणी, मिरपूड यांचा सल्ला वरचेवर दिला जातो. वायर कुरतडणाऱ्या पिल्लासाठी कडू फवाऱ्याचा थोडाफार उपयोग असेल, कारण वायर जागची हलत नाही. उद्या कुठे पडेल ते माहीत नसलेल्या केसावर फवारायचं कसं? रागावण्याचं फळ तर उलटंच मिळतं. केस तोंडात असताना अंगावर धावून गेलं की पिल्लू तो घेऊन पळतं आणि पलंगाखाली घाईघाईनं संपवतं. त्याऐवजी शांतपणे दुसरीकडे खाऊचा तुकडा टाकावा. तोंड उघडलं आणि केस सुटला तर उत्तम, नाही सुटला तर एक केस गेला म्हणून घाबरायचं कारण नाही.

राहता राहिला खेळ. साउदम्प्टन विद्यापीठात सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी केलेल्या प्रयोगांत भुकेलं मांजर खेळण्यावर अधिक तुटून पडतं, आणि तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की कंटाळतं, पण थोडं वेगळं खेळणं लगेच पुढे केलं की पुन्हा जोमानं खेळतं, असं दिसलं. यातून वेळापत्रक आपोआप निघतं: जेवणाच्या आधी खेळ, दोन-तीन खेळणी आलटून पालटून, आणि खेळ संपताच ताटली. काठीला दोरी बांधलेलं खेळणं पिल्लांना वेड लावतं, पण ते माणसाच्या हातात असेल तेवढाच वेळ, नंतर कपाटात. गहू पेरलेली एक कुंडी जमिनीवर ठेवली तर चावायला काही हक्काचं मिळतं, नवरात्रातला घट उठल्यावर उरलेली रोपंही चालतात.

हे सगळं करूनही पिल्लू वारंवार ओकू लागलं, खाणं टाकलं, लाळ गाळू लागलं, शी करताना जोर करू लागलं किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलं, तर थांबून पाहू नये. तोंडातून किंवा गुदद्वारातून केस अथवा दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये. आतलं टोक अडकलेलं असेल, तर एका हिसक्यानं आतडं कापलं जाऊ शकतं. शेपटीखाली लेंडी लोंबत असेल तर बाहेरचा भाग कात्रीनं कापून बाकीचा तसाच सोडावा. तूप, एरंडेल, पातळ पॅराफिन पाजण्याचा मोह टाळावा, कारण घाबरलेल्या पिल्लाच्या तोंडात ओतलेलं तेल श्वासनलिकेत जाऊ शकतं. इसबगोलानं विष्ठेतून केस जास्त बाहेर पडतो असं मोठ्या मांजरांवरच्या अभ्यासात दिसलं असलं, तरी आतडं अडलेलं असताना तेच इसबगोल फुगून अडथळा वाढवेल. केस एक्स-रेमध्ये दिसत नाही. गोळा झालेलं आतडं आणि त्यातल्या हवेचे बुडबुडे पाहून डॉक्टर अंदाज बांधतात, गरज पडली तर सोनोग्राफी करतात. जिभेखाली ते आवर्जून पाहतील.

दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत सगळे बदलतात. हिरड्या शिवशिवतात त्या काळात चावणं वाढलं तर ती बिघडण्याची खूण समजू नये, आणि पुष्कळ पिल्लांत हा काळ सरल्यावर केसांची ओढही ओसरते. वर्ष उलटल्यावरही मांजर केस शोधून खात असेल, किंवा केसावरून कापडावर आणि प्लास्टिकवर आलं असेल, तर मात्र पोटाचा आजार धरून तपासणी करून घ्यावी लागते. त्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत असावी: काय खाल्लं, किती वाजता, जेवणाच्या आधी की नंतर, आणि ओकारी किती वेळा झाली. ओकारीचा फोटो आणि विष्ठेचा ताजा नमुना बरोबर नेला, तर पहिल्याच भेटीत तपासण्या सुरू करता येतात.